आधी ऊन दाखव, मग फोडणीला टाक

मशरूमचं पाकीट आणलंस की लगेच फ्रिजमध्ये कोंबू नकोस गं. वरचा प्लास्टिकचा कागद काढ, बटण मशरूम असतील तर पातळ काप कर, ताटात एकेरी पसर आणि गच्चीवर नेऊन ठेव. धिंगरी असेल तर चिरायचीही गरज नाही, नुसती उलटी ठेव, खालची झालर आभाळाकडे. दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास पुरे. कडा जरा सुरकुततात, रंग थोडा उतरतो, ते चालायचंच. मग खुशाल भाजी कर, पण तेला-तुपात. ड जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं.

बाजारातलं मशरूम बहुधा अंधाऱ्या खोलीत वाढवलेलं असतं. त्यात एर्गोस्टेरॉल असतं, ड मात्र जवळजवळ नसतंच. उन्हातले अतिनील किरण पडले की त्याच एर्गोस्टेरॉलचं ड-2 होतं. 100 ग्रॅम मशरूमला भर दुपारचं ऊन लागलं तर 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट सहज मिळतात. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 च्या आसपास. मासे-अंडी न खाणाऱ्या घरात याच्या तोडीचं दुसरं काही ताटात येत नाही. पालक खा, शेवग्याचा पाला खा, त्यात कॅल्शियम आहे, लोह आहे, ड नाही.

ताट काचेच्या खिडकीआड ठेवशील तर सगळं फुकट. काच नेमके कामाचे किरण अडवते. आणि कोवळ्या उन्हाचं कौतुक आपल्याकडे फार आहे, पण ड तयार करणारे किरण सकाळी नावालाच असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडेल ती वेळ साध. ती तुझ्या हातापायांसाठीही लक्षात ठेव; रोज थोडा वेळ बस, कातडी भाजेपर्यंत नको.

पावसाळ्यात ऊन कुठून आणशील? म्हणून उन्हाळ्यातच काप कडकडीत वाळव आणि घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात ठेव. आमटीत मूठभर टाकलेस तरी छान लागतात.

रानातली अळंबी मात्र ओळखणाऱ्या माणसाशिवाय तोडू नकोस. विषारी अळंबी शिजवली, वाळवली तरी विषारीच राहते. आणि कुंपणाला लावतात तो ‘दिन का राजा’, त्याच्या पानांत ड जीवनसत्त्वाचं अगदी तयार, जहाल रूप असतं. ती पानं खाऊन जनावरांच्या रक्तवाहिन्यांत चुना साठतो. झाडपाला म्हणून कुणी त्याचा काढा सुचवला तर साफ नाही म्हण.

डॉक्टरांनी 60,000 युनिटची गोळी आठवड्याला एक सांगितली असेल तर आठवड्यालाच घे, रोज नाही. आणि मशरूम खातेस म्हणून ती आपल्या मनाने बंदही करू नकोस.