दाद मागितली म्हणून पेन्शन अडत नाही

प्रश्न : मी अकोला जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. वेतननिश्चिती चुकली म्हणून ग्रॅच्युइटीतून वसुली निघाली आहे. वकील केला तर पेन्शन अडेल का?

उत्तर : नाही. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नकारा खटल्यातच सांगितले. २०१४ च्या रफिक मसीह निकालानुसार वर्ग-३ च्या कर्मचाऱ्यांकडून व निवृत्तांकडून अशी वसुली सहसा होत नाही. ‘जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले होते ना?’ असे कार्यालय म्हणेल. २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने त्या मुद्द्याला वजन आले आहे. म्हणून जाणता वकील आधी सेवापुस्तक आणि हमीपत्राची तारीख तपासतो, लेखी निवेदन देतो, मगच नागपूर खंडपीठात जातो. रकमेत टक्केवारी मागणारा वकील टाळा. बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही. वसुलीचा आदेश मात्र लेखीच मागा.