औषधाचे माप: वजनकाटा, बाटली आणि चमचा



शहरातल्या मंडळ्यांकडून वर्षातून दोन-तीनदा तरी एक विचारणा येते. "आमच्या सभासदांनी घरातली उरलेली औषधे गोळा केली आहेत, दोन खोकी भरली. आदिवासी पाड्यांसाठी कुठे पाठवू?" विचारणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो. तरीही ही खोकी आम्ही घेत नाही. फोनवर दोन वाक्यांत नकार दिला तर मन दुखावते, म्हणून या अंकातला अभ्यासपाठ त्याच विषयावर देत आहे.

मी डॉक्टर नाही. औषध लिहून देणे हे डॉक्टरांचे काम. लिहिलेले औषध आईच्या हातून मुलाच्या पोटात योग्य मापाने, योग्य वेळी जाते की नाही हे पाहणे आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचे काम. खाली दिलेले आकडे हिशेब समजावा म्हणून आहेत. आपल्या घरच्या आजाऱ्याचा डोस आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.

पाठाचे सूत्र एकच आहे. औषध आणि त्याचे माप वेगळे करता येत नाही. माप चुकले की तेच औषध कधी निरुपयोगी ठरते, तर कधी अपाय करते.

१. आधी वजन, मग औषध

तापाचे सर्वांच्या ओळखीचे औषध घेऊ: पॅरासिटामॉल. लहान मुलांसाठी याचा डोस दर किलो वजनाला १० ते १५ मिलीग्रॅम असा धरतात. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नकोत. म्हणजे चोवीस तासांची मर्यादा दर किलोला ६० मिलीग्रॅम.

आता पाच वर्षांची दोन मुले डोळ्यांसमोर आणा. शहरातल्या मुलाचे वजन १७ किलो. त्याच्या एका डोसात १७० ते २५५ मिलीग्रॅम औषध बसते. त्याच्या आईकडे ५ मिलीत २५० मिलीग्रॅमचे सिरप आहे. ती एक माप भरून देते आणि ते बरोबरच आहे. ताप उतरतो, अर्धी बाटली उरते, आणि ती खोक्यात जाते.

धडगाव किंवा अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या पाड्यावर त्याच वयाचे कुपोषित मूल १२ किलोचे असू शकते. त्याचा डोस १२० ते १८० मिलीग्रॅम. "पाच वर्षांच्या मुलाला एक माप" हा शहरातला सल्ला बाटलीबरोबर तिथे पोहोचला, तर त्याला एका वेळी २५० मिलीग्रॅम मिळेल. चार वेळा दिले तर दिवसाचे १००० होतील, आणि त्याची मर्यादा आहे ७२०. असे दोन-तीन दिवस चालले तर यकृतावर भार येतो. ज्या मुलाचे पोट आधीच रिकामे आहे, जे तापात काही खात नाही, त्याचे यकृत हा भार कमी सोसते.

म्हणून दवाखान्यात मूल आले की पहिले काम वजनाचे. वय आईला नक्की ठाऊक नसते. "मागच्या होळीच्या आधीचा" एवढेच कळते. वजनकाट्याला वय विचारावे लागत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांनी औषधाच्या नावाआधी वजन लिहिले असेल, तर पुढे औषध देणाऱ्यालाही हिशेब पुन्हा तपासून पाहता येतो.

२. बाटलीवरचा बारीक आकडा

पॅरासिटामॉल बाजारात अनेक रूपांत मिळते. अगदी लहान बाळांचे थेंब असतात, त्यात बहुधा १ मिलीत १०० मिलीग्रॅम औषध असते. एका प्रकारच्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलीग्रॅम, तर दुसऱ्यात ५ मिलीत २५० मिलीग्रॅम असते. रंग सारखा, वास सारखा, नावही पुष्कळदा तेच.

दहा किलोच्या मुलाला १२५ मिलीग्रॅम द्यायचे आहे असे समजा. पहिल्या बाटलीतून सव्वा मिली लागेल, दुसरीतून ५ मिली, तिसरीतून अडीच मिली. कुणी थेंबांची बाटली सिरप समजून तिच्यातून ५ मिली दिले, तर मुलाच्या पोटात ५०० मिलीग्रॅम गेले. ही मोठ्या माणसाची पूर्ण गोळी झाली. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असा समज सर्वत्र आहे, आणि तोच धोक्याचा आहे.

"किती मिली?" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट ठरतो. "कोणत्या बाटलीतून किती मिली?" असे विचारायला हवे. लेबल फाटलेली, पुसट झालेली किंवा बिनखोक्याची बाटली आली तर या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

आणखी एक गोष्ट. सर्दी-खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. तापाचे एक आणि सर्दीचे एक अशी दोन औषधे दिली की एकच औषध दुप्पट जाते. सर्दीच्या सिरपमध्ये नेहमी आढळणारे क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. तापासाठी वापरले जाणारे निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. घरच्या कपाटातल्या जुन्या औषधांत हे सगळे एकत्र पडलेले असते.

३. चमचा कोणाचा?

पाच मिली म्हणजे एक चमचा, असे आपण सहज म्हणतो. पण घरातले चमचे एका मापाचे नसतात. कुणाच्या घरी चहाचा, कुणाच्या घरी आमटीचा, तर कुठे चमचाच नाही, बाटलीचे झाकण आहे. त्यातही एक आई काठोकाठ भरते, दुसरी सांडू नये म्हणून अर्धाच भरते.

बिनसुईची सिरिंज हा यावरचा सगळ्यांत सोपा उपाय. तिच्यावर जिथपर्यंत औषध ओढायचे तिथे चिकटपट्टीची रेघ लावून द्यावी. ज्या आईला अक्षरओळख नाही तिला रेघ नक्की कळते. एकदा कार्यकर्तीने भरून दाखवावे, मग आईला साध्या पाण्याने भरून दाखवायला सांगावे. "कळले का?" असे विचारले तर सगळेच "हो" म्हणतात. "करून दाखव, बाई" म्हटले की खरे कळते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला प्रमाण मराठीतली सूचना अर्धी पोहोचते. करून दाखवलेले पूर्ण पोहोचते.

४. पाण्यालाही माप आहे

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या आणि त्यांचे पाणी रुग्णांना पाजण्यास नातेवाइकांना शिकवले. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. त्या पुडीचेच पुढचे रूप म्हणजे आजचे ओआरएस. महालनाबिस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आजची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायची असते. छोटी पुडी २०० मिलीसाठी असते. मोठी पुडी एका पेल्यात कालवली तर पाण्यात मीठ फार होते आणि मुलाला अपाय होतो. पुडी फार पाण्यात घातली तर हवे ते क्षार मिळत नाहीत. थोडी थोडी पुडी काढून वापरणेही चूक, कारण मिश्रण सारखे येत नाही. पाड्यावर लिटर कसा मोजायचा? पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे सर्वांत सोपे साधन आहे. तयार पाणी चोवीस तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे.

मूल कोमेजलेले नसेल तर दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली पाजतात. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे.

५. दिवसांचेही माप आहे

जुलाबात ओआरएसबरोबर झिंकची गोळी देतात. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलीग्रॅम, आणि ती सलग १४ दिवस. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि आईला वाटते, आता कशाला? पण पूर्ण १४ दिवस घेतल्याने पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो. म्हणून गोळ्या सुट्या न देता चौदा गोळ्यांची पट्टी द्यावी आणि पंधराव्या दिवशी रिकामी पट्टी पाहायला मागावी.

दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. औषध चालू असताना निघण्याची वेळ आली तर उरलेले सगळे दिवस मोजून औषध सोबत द्यावे लागते. घड्याळ नसलेल्या झोपडीत "आठ-आठ तासांनी" म्हणून उपयोग नाही. सूर्य उगवताना, डोक्यावर आल्यावर, झोपताना, असे सांगावे लागते.

लोहाच्या गोळीचेही असेच. सरकारच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज ६० मिलीग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस देतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला मात्र २० मिलीग्रॅमचे एक मिली सिरप आठवड्यातून दोनदाच मिळते. आईच्या गोळ्यांची पट्टी रांगत्या मुलाच्या हाती लागली आणि त्याने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतू शकते. आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आहे, त्यामुळे रक्त कमी दिसले की लोह द्या, हेही चालत नाही. तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

६. माप कुठे संपते

काही वेळा घरचा कोणताच डोस पुरत नाही. मूल काही पिऊ शकत नाही, प्यालेले सर्व ओकते, झटके येतात, गुंगीत आहे, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते, अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नये. ही लक्षणे ओळखता येणे हा कार्यकर्त्याच्या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

आता त्या खोक्यांविषयी

जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ मध्ये काढली आणि पुढे सुधारली. रुग्णाला एकदा दिलेली औषधे परत घेऊन दान करू नयेत, आणि दानाची औषधे पोहोचतील तेव्हा त्यांची मुदत निदान एक वर्ष उरलेली असावी, असे त्यांत सांगितले आहे. उघडलेले सिरप, पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक, जे बहुधा आठवडाभरच टिकते, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या, ज्यांवरची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहिली: यातले काहीही डॉक्टरांना वजनानुसार लिहून देता येत नाही. शहरात जे आपण स्वतःच्या मुलाला देणार नाही, ते पाड्यावरच्या मुलालाही देता येत नाही.

लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खरा तराजू आणि खरी वजने यांबरोबर धान्याचे एफा आणि पातळ पदार्थांचे हिन ही मापेही खरी असावीत अशी आज्ञा आहे. ती बाजारातल्या गरिबाच्या रक्षणासाठी दिलेली आहे. दवाखान्यातल्या गरिबालाही तीच लागू होते, असे मला वाटते.

मग आपल्या मंडळीने काय द्यावे? मुलांचा टांगता वजनकाटा. मापाच्या वाट्या आणि बिनसुईच्या सिरिंजा. थर्मामीटर. एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या. आणि औषधांसाठी पैसे, म्हणजे डॉक्टर लागतील तेवढी ताजी औषधे विकत घेतील. खोकी भरण्याइतके समाधान यात कदाचित मिळणार नाही, पण यातले प्रत्येक साधन एखाद्या मुलाचा डोस बरोबर करते.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या औषधांच्या बाटल्या आणा. प्रत्येकीवर ५ मिलीत किती मिलीग्रॅम औषध आहे ते वाचून दाखवा.
२. पाच घरांतले चमचे आणून सिरिंजने पाणी मोजा. किती फरक पडतो?
३. आठ किलोच्या बाळासाठी पॅरासिटामॉलच्या एका डोसाचा हिशेब करा. तो थेंबांच्या बाटलीतून किती मिली होईल?
४. ज्याला वाचता येत नाही अशा पालकाला १४ दिवसांची गोळी कशी समजावाल? एकाने आई व्हावे, एकाने कार्यकर्ता.
५. यंदा आपल्या मंडळीने खोक्याऐवजी काय द्यायचे, ते ठरवून कार्यालयाला कळवा.

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: ८० ते १२० मिलीग्रॅम, १ मिलीत १०० मिलीग्रॅमच्या थेंबांतून ०.८ ते १.२ मिली.)