मांजराची नखे आणि लीजचे चार लाख

प्रश्न : चिकोडीच्या एका वाचक भगिनींचे मांजर घरमालकांचा सागवानी दरवाजा आणि हॉलमधला सोफा सतत ओरबाडते. घर त्यांनी एकरकमी चार लाख देऊन तीन वर्षांच्या लीजवर घेतले आहे. सोडताना त्यातले एक लाख कापून घेऊ, असे मालक सांगतात. शेजारीण म्हणते, नखे काढून आणा. यजमान म्हणतात, मांजर निपाणी रस्त्याला सोडून येऊ. कायदा काय म्हणतो, असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता त्यांनी हेही लिहिले आहे, की करार कन्नडमध्ये आहे, तो नोटरीपुढे झाला आणि त्यात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नाही.

उत्तर : मांजर खोडी काढण्यासाठी ओरबाडत नाही. नखांवरचे जुने कवच काढायला, अंग ताणायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास जागेवर सोडायला ते ओरबाडते. मारून किंवा ओरडून ते थांबणार नाही, पण त्याला दुसरी जागा देता येते. तीन फुटांचा, न डगमगणारा लाकडी खांब घ्यावा, त्याला घायपाताची दोरी घट्ट गुंडाळावी आणि तो अडगळीच्या कोपऱ्यात न ठेवता त्याच दरवाजाशेजारी उभा करावा. सवय लागली की रोज थोडा थोडा सरकवावा. तोवर दरवाजाच्या खालच्या भागाला जाड प्लॅस्टिक लावावे आणि दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोके कापावीत.

नखे ‘काढणे’ म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड तोडणे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये अंगच्छेद हा गुन्हा आहे. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा जागी सोडून देणे हाही त्याच कलमाखालचा गुन्हा. शेजारणीचा आणि यजमानांचा, दोन्ही सल्ले बाद.

आता एक लाखाचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे रोजच्या वापराने होणारी झीज सोडून घर जसे घेतले तसे परत द्यावे लागते. नखांचे ओरखडे झिजेत बसवणे अवघड आहे, तेव्हा भरपाई द्यावी लागेल हे धरून चालावे. पण ती दुरुस्तीच्या खर्चाएवढीच. करारात ‘रक्कम जप्त’ असे कलम असले, तरी 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 मालकांना वाजवी भरपाईच मिळू देते. सुताराकडून घासकाम आणि पॉलिशचा लेखी अंदाज घ्यावा, ओरखड्यांचे तारखेसह फोटो काढावेत. एवढ्यावर हा वाद मिटायला हवा.

पत्रात न विचारलेला प्रश्न याहून मोठा आहे. एका दरवाजासाठी लाख रुपये मागणारा मालक स्वतःच पैशाच्या अडचणीत असू शकतो. मग उरलेले तीन लाख कशाच्या भरवशावर आहेत?

एकरकमी पैसे द्यायचे, भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपली की रक्कम परत घ्यायची, हा व्यवहार कर्नाटकात सर्रास चालतो. कन्नडमध्ये त्याला भोग्य म्हणतात. कायद्याच्या नजरेत तो बहुधा ताबेगहाण ठरतो, आणि शंभर रुपयांवरचे ताबेगहाण नोंदवावेच लागते. त्याला साधी लीज म्हटले, तरी एक वर्षाहून जास्त मुदतीची लीज मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 107 प्रमाणे नोंदणीशिवाय होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे कितीदा सांगितले, तरी लोक शुल्क वाचवायला नोटरीकडेच जातात.

संसार रस्त्यावर येतात ते इथे. घर आधीच बँकेकडे तारण असते, मालकांचे हप्ते थकतात आणि 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घ्यायला येते. बजरंग श्यामसुंदर अगरवाल विरुद्ध सेंट्रल बँक या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या कराराच्या जोरावर भाडेकरूला कलम 107 मधल्या मुदतीपलीकडे ताबा टिकवता येत नाही. घर गेल्यावर हातात उरतो तो आधीच कर्जबाजारी झालेल्या माणसावरचा दावा.

म्हणून त्यांनी करार आधी कन्नड जाणणाऱ्या, पण मालकांशी संबंध नसलेल्या वकिलाकडून शब्दन्‌शब्द समजून घ्यावा. मग सब-रजिस्ट्रार कार्यालयातून किंवा कावेरी पोर्टलवरून घराची ई.सी., म्हणजे बोजा दाखला काढावा. तो कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नये. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेले कर्ज त्यात दिसेलच असे नाही. मूळ खरेदीपत्र समोर ठेवायला सांगावे. झेरॉक्स चालणार नाही. मूळ कागद ‘गावाकडे आहेत’ असे उत्तर आले, तर ते बँकेत आहेत असे समजूनच पुढची पावले टाकावीत.

घर मोकळे निघाले, तर ताबेगहाण नोंदवून घ्यावे. तसे केल्यास पैसे फिटेपर्यंत घर ताब्यात ठेवण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी शुल्क भरावे लागले तरी भरावे. घर आधीच तारण असेल, तर नंतरची नोंदणी बँकेच्या पुढे जात नाही. तिथे मुदत पुरी करण्याचा हट्ट न धरता पैसे परत मागावेत, दरवाजाचा खर्च त्यातून वळता करायला लेखी संमती द्यावी आणि रक्कम बँक खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. मालक टाळाटाळ करू लागले, तर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा दाखल करावा लागतो, आणि मालकांचे तोंडी वायदे ही मुदत वाढवत नाहीत.