घर विकण्यापूर्वीचा हिशेब

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी मराठीत म्हण आहे. कन्नडमध्येही ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ असेच म्हणतात. या दोन गोष्टींत माणसाची परीक्षा होते याविषयी आपल्या सीमाभागातील दोन्ही भाषांचे एकमत आहे. परंतु घर विकून पाहावे असे कोणत्याच म्हणीत सांगितलेले नाही. तो अनुभव आमच्या कुटुंबाने २०२५ च्या दिवाळीनंतर घेतला. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असल्यामुळे वहीत हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. विक्रीपूर्वी घराची तयारी कशी करावी आणि चांगला भाव कशाने येतो, हे त्या वहीच्या आधारे येथे सांगण्याचा विचार आहे.

आमचे घर बीदर तालुक्यातील जनवाडा येथे. दगडमातीच्या भिंती, पुढच्या दोन खोल्यांवर माळवद, मागच्या खोलीवर पत्रे आणि थोडेसे अंगण. आजोबांनी ते १९६२ साली स्वतःच्या कमाईतून विकत घेतले. आजी आधीच गेली होती. २०१९ मध्ये आजोबाही वारले. आम्ही बीदरला राहतो, काका कलबुर्गीला आणि आत्या उदगीरला. सहा वर्षे घराला कुलूप होते. बीदरमध्ये जागा घेण्यासाठी बाबांना पैसे हवे होते, म्हणून विकण्याचे ठरले.

बाबांची तयारी साधी होती. दर्शनी भिंतीला चुना मारला, अंगण झाडून घेतले आणि गिऱ्हाईक बोलावले. तो गृहस्थ मुरलेला होता. त्याने पांढऱ्या भिंतीवर तळवा टेकला. हात ओला झाला. मग त्याने दोनच प्रश्न विचारले, “कागद कोणाच्या नावावर हायत? अन् बहिणी किती?” कागद आजोबांच्याच नावावर होते आणि आत्याला कोणी विचारले नव्हते. त्याने ६,५०,००० रुपये सांगितले आणि तो निघून गेला. बाबा व काका मिळून दोन वाटे, म्हणजे प्रत्येकी ३,२५,०००. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी त्याची गरज पडणार आहे.

संशयाची किंमत

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : वस्तूतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. मग घेणारा सगळ्याच मोटारी थोड्याफार बिघडलेल्या असणार असे धरून भाव पाडतो. त्यामुळे चांगल्या मोटारीलाही चांगला भाव येत नाही.

आमच्या घराचे नेमके हेच झाले. गिऱ्हाइकाने घराची किंमत केली आणि तीतून आपला संशय वजा केला. तेव्हा विक्रीची तयारी म्हणजे संशयाचे एकेक कारण दूर करणे, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. कारणे तीन होती : कागद, भिंती आणि माणसे.

कागद

आमच्या भागातील जुन्या घराचे कागद वाचावयाचे तर एक भाषा पुरत नाही. बीदर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात आला. आमच्या घराचे मूळ खत फसली सन १३५५ चे, म्हणजे इसवी १९४५-४६ चे, उर्दूत आहे. आजोबांचे १९६२ चे खरेदीखत कन्नडमध्ये आहे. कोणाला किती दिले याच्या आजोबांच्या नोंदी मात्र मराठीत आहेत. बीदरच्या एका वयस्कर अर्जनवीसांनी उर्दू खत वाचून दाखविले. मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब अशी चतुःसीमा त्यांनी सांगितली आणि मी ती मराठीत व कन्नडमध्ये उतरवून घेतली. ती जागेवर ताडून पाहिली तेव्हा आमची उत्तरेची भिंत कोठे संपते याची शंका फिटली.

विक्रीपूर्वी जमविलेले कागद पुढीलप्रमाणे. मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतून मिळणारा वंशवृक्ष. त्यावरून ग्रामपंचायतीत वारसांची नोंद. नंतर ई-स्वत्तुचा नमुना ९ आणि ११. ऋणभार प्रमाणपत्र, ज्याला सर्वजण ई.सी. म्हणतात, घरावर नोंदलेला गहाणाचा बोजा असल्यास तो त्यात दिसतो. घरपट्टीच्या पावत्या आणि विजेचे शेवटचे भरलेले बिल. हे सर्व एका पिशवीत घालून वर यादी चिकटविली. गिऱ्हाइकाने विचारण्याआधी कागद पुढे ठेवला की त्याचा अर्धा संशय तेथेच संपतो.

भिंती

दुसरे काम दुरुस्तीचे. येथे एक नियम पाळला : पाणी थांबविणारा खर्च करावयाचा, डोळे दिपविणारा करावयाचा नाही. काकांचे मत होते की, ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑईलपेंट द्यावा. गावातील जुन्या गवंड्यांनी ते मोडून काढले. मातीच्या भिंतीत ओल चढते, तशी ती बाहेरही पडावी लागते. सिमेंटने तिची वाट बंद होते, ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरून गिलावा सुटतो. म्हणून चुन्याचाच गिलावा केला, पण आधी माळवदावरचे गवत उपटून नवी पांढरी माती पसरली आणि फुटकी पन्हळ बदलली. भिंत वाळेपर्यंत महिनाभर गिऱ्हाईक बोलाविले नाही. फरशा, नवी दारे, रंगीत कठडे यांना हात लावला नाही. घेणारा ते आपल्या आवडीने पुन्हा करतोच. त्याचे पैसे तो आपल्याला देत नाही.

मागच्या खोलीत मात्र एक अडचण निघाली. जमिनीखाली जुने पेव होते. पूर्वी त्यात ज्वारी साठवीत. आजोबांनी ते माती टाकून बुजविले आणि वर शहाबादी फरशी घातली. पावसाळ्यात ती फरशी किंचित खचते. आता उन्हाळ्याकडे पाहणाऱ्याला ती सपाट दिसणार होती. बाबा म्हणाले, “आपण होऊन कशाला सांगायचं?”

याचे उत्तर मला आमच्या कायद्याच्या पुस्तकात मिळाले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५ : जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक ठरते. भिंतीची भेग घेणाऱ्याला दिसते. फरशीखालचे पेव दिसत नाही. बाबांना मी ते कलम वाचून दाखविले. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या गिऱ्हाइकाला फरशी त्यांनीच दाखविली.

माणसे

सर्वांत अवघड तयारी माणसांची. वंशवृक्ष काढताना आत्याचे नाव लिहिल्यावाचून चालत नव्हते आणि नाव लिहिले की सही लागणार होती. बाबांचे म्हणणे, “तिनं कधी मागितलंय का?” खरे आहे, आत्याने कधी मागितले नव्हते. पण न मागणे म्हणजे सोडून देणे नव्हे.

आजोबांचे घर स्वकष्टार्जित होते आणि त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. अशा मालमत्तेत हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच दिला आहे. मात्र राहत्या घराची वाटणी तिला स्वतः होऊन मागता येत नसे. ती अट २००५ च्या दुरुस्तीने गेली. वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा जन्मतः हक्क त्याच दुरुस्तीने मान्य झाला. कर्नाटकाने तसा कायदा १९९४ मध्येच केला होता. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क आणखी स्पष्ट केला.

मी आणि बाबा उदगीरला गेलो. मी हिशेबाची वही सोबत नेली होती, ती उघडावीच लागली नाही. आत्या म्हणाली, “दादा, सहीसाठी तू माणूस पाठवशील असं वाटलं होतं. तू स्वतः आलास.” तिने वाटा घ्यायचा की सोडायचा, हे तिच्यावर सोपविले. तिने घेतला. मला आनंद झाला, हे येथे लपवीत नाही. मीही त्या घरचीच मुलगी आहे.

ताळेबंद

वहीतील खर्च असा : माळवद व पन्हळ ९,०००, गिलावा १०,५००, बिजागऱ्या, दिवे व साफसफाई २,५००, घरपट्टी व वीज थकबाकी ४,६००, कागद, प्रवास, झेरॉक्स ३,४००. एकूण ३०,००० रुपये.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही ९,००,००० सांगितले. कागद पाहून त्याने घासाघीस फारशी केली नाही, परंतु पेवासाठी २०,००० आणि रिवाज म्हणून १०,००० कमी केले. सौदा ८,७०,००० ला ठरला. येथे घेणाऱ्याच्या खिशाचाही विचार करावा. कर्नाटकात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर व अधिभार धरून ग्रामीण भागात ५.६५ टक्के होते. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याचे २ टक्के झाले आहे. म्हणजे ८,७०,००० च्या घराला त्याला आणखी ६६,५५५ रुपये लागले. त्यासाठी खतात रक्कम कमी दाखवू, असा मोह दोन्ही बाजूंना होतो. आम्ही पूर्ण रक्कम लिहिली आणि इसारासह सर्व पैसे बँकेतून घेतले. अशा व्यवहारात २०,००० किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

खर्च वजा जाता ८,४०,००० उरले. तीन वाटे केले तेव्हा प्रत्येकी २,८०,००० आले.

आता पहिला आकडा आठवावा. आत्याला वगळून पहिल्याच गिऱ्हाइकाला घर दिले असते तर बाबांच्या हाती ३,२५,००० आले असते. म्हणजे एवढी तयारी करून बाबांचे ४५,००० रुपये कमी झाले. काकांनी मला हे हसत हसत ऐकविलेही. तुझ्या कॉमर्सने तोटा शिकविला काय, असे ते म्हणाले.

मी त्यांना वहीचे शेवटचे पान दाखविले. ताळेबंदाखाली एक टीप देण्याची पद्धत असते, तिला संभाव्य देणे म्हणतात. आज द्यावे लागत नाही, पण उद्या दावा झाला तर द्यावे लागेल अशी ती रक्कम. त्या ३,२५,००० खाली आत्याच्या हक्काची अशी टीप राहिली असती आणि घेणाऱ्याने तिचीच भीती धरून भाव पाडला होता. आताच्या २,८०,००० खाली कोणतीही टीप नाही. घराला मात्र २,२०,००० रुपये जास्त आले, आणि तो भाव तिघांचा आहे.

किल्ली देण्याच्या दिवशी आत्या उदगीरहून आली होती. तिने उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिले, नव्या मालकिणीची ओटी भरली आणि खचणारी फरशी कोणती, ते तिला पुन्हा एकदा दाखविले.