जठराचा कर्करोग : निदानातील विलंब आणि कायदा

जठराचा कर्करोग प्रारंभी फारसा त्रास देत नाही. अपचन, पोटात जडपणा, थोडे खाताच पोट भरल्याची भावना ही त्याची पहिली लक्षणे आम्लपित्तासारखीच असतात. आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी काही काळ आरामही पडतो आणि रोग मात्र आतल्या आत वाढत राहतो. रोग जठराच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असताना उपचार झाल्यास रुग्ण बरा होण्याची शक्यता बरीच असते. तो यकृतापर्यंत वा इतरत्र पसरल्यावर ती फार कमी होते. निदानाच्या वेळेला महत्त्व आहे ते यामुळेच.

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी जठरातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू उजेडात आणला. या शोधासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू, तंबाखू आणि अतिखारवलेले अन्न यांमुळे या कर्करोगाचा धोका वाढतो.

धोक्याची चिन्हे

वजन घटणे, वारंवार उलटी, गिळताना अडथळा, काळी शौचास होणे, कारण न कळता रक्तक्षय होणे, ही चिन्हे दिसल्यास केवळ गोळ्यांवर विसंबून राहणे योग्य नव्हे. दुर्बिणीद्वारे जठराची तपासणी करून संशयास्पद भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग होय.

हयगय केव्हा ठरते ?

निदान उशिरा झाले म्हणजे डॉक्टरांची हयगय झालीच, असे कायदा मानीत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टराने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हा खरा प्रश्न असतो. पुण्यातील एका डॉक्टरांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे कर्तव्य स्पष्ट केले. पहिल्या भेटीत अपचनाचे औषध देणे ही सहसा हयगय ठरत नाही. परंतु रुग्णाचे वजन घटत असताना, रक्तक्षय दिसत असताना महिनोन् महिने तेच औषध देत राहणे आणि पुढील तपासणी न सुचविणे, ही बाब निराळी.

यापुढची पायरी अधिक कठीण असते. वेळीच निदान झाले असते तर परिणाम वेगळा झाला असता, हेही तक्रारदारास दाखवावे लागते. भेटीच्या वेळी रोग आधीच पसरलेला असेल, तर दावा येथेच अडतो. फौजदारी जबाबदारीसाठी तर हयगय अत्यंत गंभीर स्वरूपाची असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले.

दाद कोठे मागावी ?

मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा निर्णय १९९५ चा. ज्या रुग्णालयात सर्वांवरच विनामूल्य उपचार होतात, तेथील सेवा मात्र त्यात येत नाही. केवळ नोंदणीची नाममात्र रक्कम भरल्याने त्यात फरक पडत नाही. अशा रुग्णास दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा असतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार रुग्णास आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग तक्रार ऐकतो. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. विलंबाचे समाधानकारक कारण दिल्यास आयोग तो क्षमापित करू शकतो, तथापि त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

कागदपत्रांचे महत्त्व

असे दावे कागदपत्रांवर उभे राहतात. प्रत्येक भेटीची चिठ्ठी, रक्ततपासणीचे अहवाल आणि औषधांच्या पावत्या तारखेनुसार जपाव्यात. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे आणि मागणी झाल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नुकसानभरपाईने गेलेला काळ परत येत नाही. म्हणून पंचायत सदस्य व शिक्षक यांनी दोन गोष्टी गावोगाव सांगाव्यात : धोक्याचे चिन्ह दिसताच तपासणीचा आग्रह धरावा आणि कागद जपून ठेवावेत. पहिलीने प्राण वाचू शकतात. दुसरीने, दुर्दैवाने वेळ आलीच तर, न्यायाची वाट खुली राहते.