डॉक्टर तेच, खाटा त्याच, मग सेवेत फरक का?

प्रश्न : आमच्या उचगावात कुणाचं दुखणं वाढलं की हिंडलग्यावरून थेट बेळगाव गाठायचं, हे ठरलेलंच. पण शहरातल्या एकाच मोठ्या दवाखान्यात एका शेजाऱ्याची उत्तम काळजी घेतली जाते आणि दुसऱ्याला तासन्‌तास कुणी विचारत नाही. डॉक्टर तेच, खाटा त्याच, यंत्रंही तीच. मग हा फरक येतो कुठून? आणि आमच्यासारख्यांनी चांगला दवाखाना ओळखायचा कसा?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तुमच्याच जिल्ह्यात सापडलेला आहे.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. साधारण ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की धोका मानतात. पण किती गेलं, हे ठरवायचं कसं? चादरीवर, कपड्यांवर, फरशीवर सांडलेलं रक्त पाहून डॉक्टर आणि नर्स अंदाज बांधत. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर यावर एक साधं साधन वापरलं. बाळंतिणीखाली अंथरायची प्लास्टिकची चादर, तिच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. २००६ साली त्यांनी नजरेचा अंदाज आणि पिशवीतलं माप यांची तुलना प्रसिद्ध केली. नजरेने सरासरी सुमारे २०० मिलिलिटर वाटलेलं रक्त पिशवीत सुमारे ३०० भरत होतं. म्हणजे गेलेल्या रक्ताचा तिसरा हिस्सा कुणाच्या लक्षातच येत नव्हता. यात कुणाचा आळस नव्हता की बेपर्वाई. माणसाच्या नजरेची मर्यादाच तेवढी आहे.

हीच पिशवी घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात एक मोठी चाचणी झाली. १,६२० बाळंतिणी त्यात होत्या. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टरांविना, नर्सबाईंच्या हातून होत होती. निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली हा निष्कर्ष छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पुढची गोष्ट तुमच्या प्रश्नाला आणखी थेट भिडते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू राहिली. उरलेल्यांत खुणांची पिशवी दिली आणि रक्तस्राव ठरावीक मापापुढे गेला की करायच्या गोष्टी एकत्र बांधून दिल्या : गर्भाशयाला मसाज, आकुंचनाची औषधं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, आणि गरज पडली तर वरिष्ठांना हाक. पहिल्या गटात अतिरक्तस्राव झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्या बायका वेळेत ओळखल्या गेल्या, दुसऱ्या गटात ९३ टक्के. गंभीर परिणामांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यासाठी नवी इमारत लागली नाही, परदेशातून तज्ज्ञ आणावे लागले नाहीत.

तुम्हाला दिसतो तो फरक याच जागी तयार होतो. ज्या दवाखान्यात काम त्या वेळी हजर असलेल्या माणसाच्या आठवणीवर आणि भलेपणावर अवलंबून असतं, तिथे रुग्णाचं काय होणार हे पाळीवर कोण आहे त्यावर ठरतं. जिथे धोका मोजला जातो आणि मोजल्यावर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं, तिथे शेजारच्या दोन्ही खाटांवर सारखी काळजी मिळते. रुग्णालयाचं व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः हेच काम.

मग ते सगळीकडे का होत नाही? पहिलं कारण गर्दीचं. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात भागू शकेल असा ताप-खोकलाही जिल्ह्याच्या ठिकाणी जातो आणि सकाळच्या ओपीडीत खरा अत्यवस्थ रुग्ण त्याच रांगेत अडकतो. दुसरं कारण खाटांचं. डॉक्टरांनी घरी सोडायला सांगितल्यावरही बिल, औषधांचा हिशेब, योजनेची मंजुरी यांत दिवस जातो. तोवर ती खाट अडते आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा रुग्ण स्ट्रेचरवर थांबतो. तिसरं, पाळी बदलण्याची वेळ. रात्रीच्या नर्सने सकाळच्या नर्सला खाटेजवळ उभं राहून, कागद पाहून माहिती दिली नाही तर राहिलेलं इंजेक्शन राहूनच जातं.

चौथं कारण सीमाभागाला विशेष जाणवतं. पाटी कानडीत, फाइल इंग्रजीत आणि रुग्ण मराठी. उपचार आणि त्यातले धोके रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणं हा उपकार नाही, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतला तो हक्क आहे. न कळलेल्या कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढं जरी चुकीचं कळलं तरी घरी गेल्यावर सगळा उपचार वाया जाऊ शकतो.

शिवाय रुग्णाला कधीच न दिसणारे विभाग असतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीत सिझेरियन झालेल्या मातांचे मृत्यू झाले तेव्हा सलाईनच्या दर्जावर संशय आला आणि कर्नाटक सरकारने संबंधित कंपनीच्या त्या सलाईनचा वापर थांबवला. आगीपासूनची सुरक्षा आणि औषधभांडार हीसुद्धा रुग्णसेवाच आहे. तिथली तपासणी चुकली तर उत्तम डॉक्टरही हतबल होतो.

आता ओळखायचं कसं? संगमरवरी फरशीवरून नव्हे. चार गोष्टी पाहा. नर्स आणि डॉक्टर एका रुग्णाला तपासून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का? औषध देण्याआधी रुग्णाचं नाव विचारून कागदाशी पडताळतात का? रात्री तब्येत बिघडली तर कुणाला बोलवायचं, हे वॉर्डात कुणालाही विचारलं तर लगेच सांगता येतं का? घरी सोडताना औषधं आणि धोक्याची लक्षणं तुमच्या भाषेत समजावतात का? या चारही प्रश्नांना ‘होय’ असेल तर तिथे काम शिस्तीने चालतं असं समजायला हरकत नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याने आणि त्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने खासगी दवाखान्यांवर जबाबदाऱ्या घातल्या आहेत. तातडीच्या उपचारासाठी आगाऊ पैशांची अट घालता येत नाही, दर लावून ठेवावे लागतात, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण आहे. तक्रार लेखी द्या, तारीख आणि वेळ घाला आणि पोच घ्या.

पण तक्रार ही शेवटची पायरी. त्याआधी गावाच्या हातात एक काम आहे. सरकारी आरोग्य केंद्रांना आरोग्य रक्षा समित्या असतात. तुमच्या केंद्राच्या समितीत कोण आहे ते शोधा आणि बैठकीत तीन आकडे मागा : गेल्या तीन महिन्यांत रात्री किती बाळंतपणं इथेच झाली, किती बायकांना बेळगावला पाठवावं लागलं, आणि कोणती औषधं किती दिवस संपलेली होती. पहिल्या बैठकीत हे आकडे तयार नसतील. पुढच्या बैठकीला ते कोण आणणार, हे नावानिशी लिहून घ्या. बेळगावच्या खेड्यांत नर्सबाईंनी मोजलेल्या रक्ताने जगाची यादी बदलली. तुमच्या केंद्राचा कारभारही असाच मोजण्यापासून सुधारेल.