व्हॅल्युएशनमधून कमर्शियल प्रॉपर्टीच्या धंद्यात जायचंय? आधी टोपी कुठली घालणार ते ठरवा

गेल्या व्हिडिओत आपण कमर्शियल प्रॉपर्टीतल्या वेगवेगळ्या कामांची ओळख करून घेतली. व्हिडिओत आकडे भराभर पुढे जातात, म्हणून आजचा लेख वही-पेन घेऊन वाचा. जे बँकांच्या पॅनेलवर मालमत्तेच्या मूल्यांकनाची कामं करतात किंवा एखाद्या व्हॅल्युअरच्या ऑफिसात नोकरी करतात, आणि ज्यांना आता यापुढचं काहीतरी करायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

तुमचा दिवस कसा जातो ते मला माहीत आहे. सकाळी साइट व्हिजिट, मोजमाप, फोटो. दुपारी मंजूर नकाशा, इंडेक्स टू, रेडी रेकनरचा दर, आसपासचे व्यवहार. रात्री रिपोर्ट. फी ठरलेली. शाखेतले साहेब बदलले किंवा पॅनेलचं नूतनीकरण अडकलं की कामाचा नळ बंद. मग मनात येतं, रिपोर्ट मी करतो आणि त्याच दुकानाच्या व्यवहारात एजंट महिन्याभराचं भाडं घेऊन जातो, मग मीच का नाही?

विचार चुकीचा नाही. पण उडी मारण्याआधी आपल्या हातात नेमकं काय आहे ते बघा.

समजा, एका डॉक्टरांना क्लिनिकसाठी जागा हवीय. दोन जागा आल्या. पहिली १,००० फूट, भाडं ७० रुपये फूट. दुसरी ८५० फूट, भाडं ८० रुपये फूट. डॉक्टरांना पहिली स्वस्त वाटणार, आणि एजंटही तसंच सांगणार. तुम्ही टेप लावून मोजता. पहिलीचा कार्पेट निघतो ६०० फूट, दुसरीचा ६२०. मेंटेनन्स दोन्हीकडे सांगितलेल्या क्षेत्रावर १० रुपये फूट. आता मांडा. पहिलीचा महिन्याचा खर्च ८०,००० रुपये, म्हणजे कार्पेटवर १३३ रुपये फूट. दुसरीचा ७६,५०० रुपये, म्हणजे साधारण १२३ रुपये फूट. ‘महाग’ जागा दरमहा साडेतीन हजारांनी स्वस्त, आणि वापरायला वीस फूट जास्त!

पुढे जा. मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतात. व्यापाऱ्याला तो कर बहुतेक वेळा क्रेडिटमध्ये परत मिळतो. डॉक्टरांची आरोग्यसेवा करमुक्त, त्यामुळे त्यांना क्रेडिट नाही. ते १८ टक्के सरळ खिशातून जातात. मग मंजूर नकाशात त्या गाळ्याचा वापर काय दाखवलाय, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे तुम्ही रोजच्या सवयीने तपासता. भाडेकरूच्या बाजूने एवढं बघणारा माणूस छोट्या शहरांत मिळत नाही. मोठ्या कंपन्यांना हे काम करून देणाऱ्या मोठ्या सल्लागार संस्था आहेत. क्लिनिक, कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी लॅब, दोन शाखांची बेकरी यांना कोणी वाली नाही. माझ्या मते व्हॅल्युअरची पहिली पायरी हीच आहे: भाडेकरूचा सल्लागार. फी भाडेकरूकडून, ठरलेली, लेखी.

दुसरं काम मालकांसाठी आणि गुंतवणूकदारांसाठी. हे गणित तर तुमच्या रोजच्या भाषेतलं आहे. दुकानाचं भाडं महिन्याला ६०,०००, वर्षाचे ७.२० लाख. टॅक्स, मेंटेनन्स वगैरे १.२० लाख वजा केले की उरले ६ लाख. खरेदीदाराला ८ टक्के परतावा चालत असेल तर किंमत ७५ लाख. पण करार उघडून बघितला आणि भाडेकरूचा लॉक-इन दोन महिन्यांत संपतोय, तर तोच खरेदीदार जोखमीपोटी ९ टक्के मागेल. किंमत ६६.६७ लाख. एका कलमाने आठ लाखांवर पाणी! विक्रीला काढण्याआधी भाडेकरूशी बसून नवा करार करून घ्या, एवढं सांगण्यासाठीही मालक आनंदाने पैसे देतो. भाड्यावर कर्ज देणाऱ्या बँकाही नेमकं हेच बघतात: भाडेकरू कोण, लॉक-इन किती, वाढ कशी.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपन्यांत अॅसेट मॅनेजमेंटच्या नोकऱ्या आहेत. २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट शेअर बाजारात आला, त्यानंतर आणखीही आले आणि ही कामं वाढली. पण त्या मुंबई, पुणे, बंगळूरच्या नोकऱ्या. आपला विषय स्वतःचा धंदा. बिल्डरसाठी प्रकल्पाची व्यवहार्यता काढून देणं हे काम चांगलं, पण पैसे वसूल करणं कठीण. आणि बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातली दुकानं किंवा ऑफिसं विकायची असतील तर महारेराची एजंट नोंदणी लागते. २०२३ मध्ये महारेराने त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. ‘मी इंजिनिअर आहे, मला काय गरज’ असं म्हणून चालत नाही.

आता खरा मुद्दा. इथेच लोक घसरतात.

माझ्या एका बॅचमध्ये एक व्हॅल्युअर होते. माणूस सरळ, कामात चोख. एका गाळ्याचं मूल्यांकन त्यांनी बँकेसाठी केलं होतं. काही महिन्यांनी मालकाला भाडेकरू हवा होता, यांनी ओळखीतला एक आणून दिला आणि मालकाकडून एका महिन्याचं भाडं घेतलं. यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामं. पण बँकेला कळल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘मालकाकडून पैसे घेणार होतात म्हणून तर किंमत वाढवून लिहिली नाहीत ना?’ किंमत बरोबरच होती. पण ते सिद्ध कसं करणार? पॅनेलवरून नाव गेलं आणि त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याबरोबर गेला.

एजंट एका बाजूचा असतो आणि त्यात वावगं काही नाही. व्हॅल्युअर कोणाच्याच बाजूचा नसतो, त्याची फी त्यासाठीच असते. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार तुम्ही नोंदणीकृत व्हॅल्युअर असाल, तर त्यातल्या आचारसंहितेत स्वतंत्र व्हॅल्युअरने ‘सक्सेस फी’ घ्यायची नाही असं स्पष्ट आहे. म्हणजे व्यवहार झाला तर पैसे, नाही तर नाही, हा हिशोब मूल्यांकनात चालत नाही, आणि ब्रोकरेज तर पूर्ण त्याच हिशोबावर चालतं. म्हणून नियम करा: ज्या मालमत्तेचा रिपोर्ट केला, तिच्या व्यवहाराला हात लावायचा नाही. गाव लहान असेल तर भाग वाटून घ्या, एका भागात रिपोर्ट, दुसऱ्या भागात सल्ला. बँकेला आधी लेखी कळवा. पॅनेलचा करार काढून वाचा. बऱ्याच जणांनी सही करताना वाचलेलाच नसतो.

दुसरी घसरण कपाटात आहे. दहा वर्षांच्या रिपोर्टच्या फाइली बघून वाटतं, हीच माझी माहितीची खाण. पण त्यातली भाडी, करार, मालकांची नावं ही बँकेने आणि कर्जदाराने विश्वासाने दिलेली आहेत. ती धंद्याला वापरायची नाहीत. तुमची आहे ती नजर, फाइल नाही. भाड्यांची वही नव्याने बनवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर नोंदवलेले करार दिसतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, त्यामुळे माहिती बऱ्यापैकी मिळते. उरलेली पायी फिरून.

पैशाचं बोलू. रिपोर्टची फी लहान, पण महिन्या-दोन महिन्यांत येते. जागेच्या व्यवहारात आधी भेटी, मग मसुदे, मग वकील, मग मालकाचा भाऊ परदेशातून येईपर्यंत थांबणं (हा भाऊ प्रत्येक व्यवहारात असतोच!). चार-सहा महिने सहज जातात आणि शेवटी व्यवहार मोडूही शकतो. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि ऑफिसखर्च बाजूला ठेवल्याशिवाय रिपोर्ट बंद करू नका. आठवड्याचा एक दिवस नव्या कामाला द्या, तो मिळकत देऊ लागला की दुसरा. आणि दोन्ही कामांची मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाणार असेल तर जीएसटी नोंदणी लागते. सल्ल्याचं कोटेशन देताना १८ टक्के वेगळे लिहा, नाहीतर ते तुमच्या नफ्यातून जातील.

या आठवड्याचं काम सांगतो. तुमच्या गावातला एकच रस्ता निवडा, जिथे तुमचे रिपोर्ट कमीत कमी आहेत. त्यावरचे तीस गाळे वहीत उतरवा: कोण बसलंय, सांगितलेलं क्षेत्र, अंदाजे कार्पेट, भाडं, मेंटेनन्स, करार कधी संपतो. भाडेकरूंशी चहा घेत बोला. ज्यांचा करार येत्या सहा महिन्यांत संपतोय त्यांच्यापुढे खूण करा. पुढच्या व्हिडिओत त्या खुणा केलेल्या नावांना पहिला फोन कसा करायचा ते बघू. वही भरूनच या.